नळाचा स्क्रू तुटला म्हणून भिंत फोडू नका



यावेळी संडासातल्या फ्लशच्या टाकीबद्दल लिहायचे ठरवले होते. तशी दोन-तीन पत्रेही होती. पण मध्येच आमच्या इमारतीत एक प्रकार घडला आणि टाकी मागे पडली. प्रकार दिसायला क्षुल्लक आहे. बाथरूममधल्या शॉवरच्या नळाचा स्क्रू तुटला. पण त्या करंगळीच्या नखाएवढ्या स्क्रूपायी एका घरातले आठ हजार रुपये जाण्याची वेळ आली होती. म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या वरच्या मजल्यावर एक वहिनी राहतात. त्यांचे मिस्टर आणि मी जुन्या वस्तीतले शेजारी. ते जाऊन सहा वर्षे झाली. वहिनी एका ऑफिसात हाऊसकीपिंगला जातात. मुलगा आय.टी.आय. होऊन घरी बसलेला. रविवारी सकाळी मी चहा घेत होतो, तर वहिनी दारात. हातात नळाचा नॉब.

"भाऊ, हे बघा, हातातच आलं. आता पाणीच बंद होईना."

वर जाऊन पाहिले. शॉवरमधून पाण्याची बारीक धार चालूच होती. खाली दोन बादल्या, एक टब, घरातली पातेली सगळी भरून झालेली. पोरगा कोपऱ्यात मान खाली घालून उभा. त्याने आदल्या रात्री पक्कड लावून नळ पिळला होता आणि नळाच्या दांडीचे दाते चेपवून ठेवले होते. वहिनी त्याला माझ्यासमोरच बोलू लागल्या, "दोन वर्षं शिकून हेच केलं. काय उपयोग त्या सर्टिफिकेटचा?" मी म्हटले, वहिनी, आधी पाण्याचे बघू, सर्टिफिकेटचे नंतर.

आदल्या संध्याकाळी त्यांनी अशी कामे करणाऱ्या एकाला बोलावले होते. त्याने टॉर्च मारून पाहिले आणि सांगितले की नळ भिंतीच्या आत बसवलेला आहे, तीन टाइल्स फोडाव्या लागतील, आतला पितळी कॉक काढून नवा घालायचा, पुन्हा सिमेंट, पुन्हा टाइल्स. आठ हजार धरून चाला. आणि तसल्याच रंगाच्या टाइल्स आता मिळणार नाहीत. वहिनींनी रात्रीच भिशीवाल्या बाईंना फोन करून आपला नंबर या महिन्यात लावता येईल का, हे विचारूनही ठेवले होते.

त्या माणसाला मी लबाड म्हणणार नाही. भिंतीतल्या कॉकला तडा गेलेला असेल किंवा त्याचे आतले आटे गेले असतील, तर फोडण्याशिवाय गत्यंतर नसते. पण नॉबचा स्क्रू तुटणे हे त्यातले नव्हे. ते दुखणे भिंतीच्या बाहेर आहे. एवढी एक गोष्ट आपल्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असली पाहिजे. पूर्वी वस्तीत सार्वजनिक नळ होता, त्याचे सगळे अवयव डोळ्यांसमोर असत. वायसर गेला की कोणीही पोरगा पान्हा घेऊन बसायचा. आता एस.आर.ए.च्या इमारतीत आलो, पाईप भिंतीत गेले, बाहेर दिसते ती फक्त चकचकीत चकती. जे दिसत नाही त्याची भीती वाटते, आणि भीती वाटली की माणूस पैसे काढतो.

तर आधी नळाची रचना समजून घ्या. भिंतीत असतो तो नळाचा देह. तो कायमचा. त्याच्यात आट्यांवर फिरवून बसवलेला एक पितळी तुकडा असतो. दुकानदार त्याला स्पिंडल म्हणतात. त्या स्पिंडलच्या मधून एक दांडी जाते. दांडीच्या आतल्या टोकाला रबरी वायसर असतो, बाहेरच्या टोकाला बारीक दाते. दात्यांवर नॉब बसतो आणि नॉबच्या मधोमध, लाल-निळ्या टिकलीखाली, एक स्क्रू असतो. तो नॉबला दांडीवर धरून ठेवतो. नॉब फिरवला की दांडी आट्यांवरून पुढे जाते आणि वायसर पाण्याच्या भोकावर दाबला जातो. डब्याला झाकण दाबावे तसे. ही युक्ती जुनी आहे. इंग्लंडमधल्या रॉदरहॅम गावच्या गेस्ट अँड क्राइम्स या पितळकामाच्या कंपनीने १८४५ साली अशा नळाचे पेटंट घेतले. पावणेदोनशे वर्षे होऊन गेली, तरी घरोघरी जुन्या पद्धतीच्या नळात हीच रचना आहे.

आता स्क्रू का तुटतो? वहिनींच्या घरी काय झाले ते सांगतो, म्हणजे कळेल. वायसर झिजला होता. तो दहा-वीस रुपयांचा. नळ ठिबकू लागला, म्हणून घरातले रोज थोडा जास्त जोर लावून नॉब पिळू लागले. नॉब आतून प्लास्टिकचा. त्याचे दाते घासले, नॉब डुगडुगू लागला. दात्यांनी घ्यायचा जोर मग स्क्रूवर येऊ लागला. त्यात स्क्रू लोखंडी आणि दांडी पितळी. हे दोन धातू ओल्या जागेत एकमेकांना चिकटून राहिले की लोखंड लवकर गंजते. बाहेरून डोके चकचकीत दिसते, आत मानेपाशी तो खाऊन गेलेला असतो. एक दिवस डोके नॉबसकट हातात येते आणि बाकीचा अर्धा दांडीत अडकून राहतो.

पहिले काम पाणी थांबवायचे. पोराला मी म्हटले, पक्कड ठेव. दांडीवर जाड फडके गुंडाळ आणि छोटा ॲडजस्टेबल पान्हा लाव, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हळू फिरव. फिरवला तशी धार गेली, ठिबकणे राहिले. झिजलेल्या वायसरकडून याहून जास्त अपेक्षा नव्हती. पक्कड दाते चावते, पान्हा दोन बाजूंनी सारखा धरतो. एवढाच फरक, पण तोच महत्त्वाचा.

दुसरे काम गच्चीवरचा व्हॉल्व्ह. याबद्दल मला थोडे तळमळीने लिहायचे आहे. आमच्या इमारतीत वरच्या टाकीतून खाली सहा-सात लाईनी उतरतात आणि प्रत्येक लाईनीवर एक व्हॉल्व्ह आहे. कोणता कोणाचा, हे कुठेच लिहिलेले नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारले, त्यांनाही सांगता येईना. मग पोरगा वर आणि मी खाली, फोनवर बोलत बोलत एकेक व्हॉल्व्ह बंद करून पाहिला. दुसऱ्याच व्हॉल्व्हला तळमजल्यावरच्या आजींनी वर बघून हाक मारली, कारण त्यांच्या डोक्याला साबण लागलेला होता. पाचवा आमचा निघाला. त्याच दिवशी पोराने ऑइलपेंटने प्रत्येक व्हॉल्व्हजवळ खोल्यांचे नंबर लिहून टाकले. तुमच्या इमारतीत लिहिलेले नसतील, तर नळ बिघडण्याची वाट बघू नका. आणि व्हॉल्व्ह बंद करण्याआधी त्या लाईनीवरच्या सगळ्या घरांना सांगा. तासभर आधी सांगितले तर कोणी रागावत नाही. न सांगता केले तर वर्षभर ऐकून घ्यावे लागते.

व्हॉल्व्ह बंद झाला की घरातला खालचा नळ उघडून पाईपमधले उरलेले पाणी काढून टाका. गिझर असेल तर त्याचे बटण आधीच बंद करा. पाण्याचा जोर असताना स्पिंडल उलगडला, तर तो हातातून उडतो आणि मागून पाण्याचा फवारा येतो. मोरीच्या जाळीवर फडके पसरा. नाहीतर सुटा झालेला भाग नेमका तिथेच जातो.

यानंतर लोक एक चूक करतात. शेजाऱ्याचे ड्रिल मशीन आणून बाथरूममध्ये उभे राहून भिंतीतल्या दांडीवरच चालवतात. असे करू नका. पायाखाली पाणी, हातात विजेचे मशीन, हे जिवाशी खेळणे आहे. शिवाय भिंतीतल्या दांडीला भोक सरळ पडत नाही. स्पिंडल बाहेर काढा आणि टेबलावर आणा. दुखणे टेबलावर आले की निम्मे बरे झाले.

बाहेरची चकती हाताने फिरवली की निघते. घट्ट असेल तर ओले फडके धरून फिरवा. मग स्पिंडलचे षटकोनी अंग दिसते. दांडी आधी थोडी उघडी करून ठेवा, म्हणजे वायसर बैठकीवर दाबलेला राहणार नाही. मग षटकोनाला नेमका बसेल असा पान्हा लावून घड्याळाच्या उलट दिशेने जोर द्या. झटका देऊ नका. निघत नसेल तर सांध्यावर रॉकेल किंवा गंज सोडवण्याचा स्प्रे मारून अर्धा तास थांबा आणि पुन्हा लावा. पाईप पान्ह्याला लांब नळी लावून जोर करू नका. तसे केले तर भिंतीतला देहच फिरेल, आणि मग खरोखरच टाइल्स फोडाव्या लागतील. आमचा स्पिंडल दुसऱ्या खेपेला निघाला. पितळेवर हिरवट थर साचला होता, वायसरला खोल गोल वळ पडला होता.

सरळ मार्ग म्हणजे तसाच नवा स्पिंडल आणणे. जुना खिशात घालून दुकानात जा, तोंडी माप सांगू नका. आट्यांची जाडी, दांडीची लांबी आणि दात्यांची संख्या तिन्ही जुळली पाहिजेत. वीस दात्यांचा नॉब चोवीस दात्यांच्या दांडीवर बसत नाही. पोरगा तीन दुकाने फिरून आला. एका ठिकाणी आटे जुळले तर दांडी आखूड, दुसरीकडे दांडी बरोबर तर आटे जाड. इमारत बांधताना स्वस्तातले सामान लावलेले असते, नाव ना शिक्का. म्हणून जुनाच वाचवायचे ठरले. (नवा नळ घेताना आय.एस.आय.चा शिक्का बघून घ्या, त्याचे सुटे भाग मिळण्याची आशा तरी असते.)

आता तुटलेला स्क्रू काढणे. तुकडा थोडा वर आलेला असेल, तर तेल सोडून, हलके ठोकून पकडीच्या टोकाने तो फिरवता येतो. आमचा तुकडा दांडीच्या तोंडाशी सपाट तुटला होता. धरायला काहीच नाही. मी पोराला विचारले, आय.टी.आय.मध्ये काय शिकवले? तो म्हणाला, "काका, ड्रिल मारून ईझी-आऊट लावायचा." बरोबर. पण इतक्या बारीक स्क्रूला ईझी-आऊटही काडीएवढाच लागतो. तो कडक पोलादाचा, आत तुटला तर त्याला ड्रिल लागत नाही. मग दांडी भंगारात. शिवाय स्क्रू लोखंडी, भोवतीचे पितळ मऊ. ड्रिलचे टोक कडक लोखंडावरून घसरून मऊ पितळात शिरते. म्हणून ड्रिल शेवटी. आधी खाच आणि आच.

खाच अशी. वायसर आणि इतर रबरी भाग काढून घेतले. दांडी लाकडाच्या दोन पट्ट्यांत धरून शिकंज्यात आवळली. शिकंजा नसेल तर पाटाच्या फटीत, एकाने धरून. हॅक्सॉ ब्लेडने दांडीच्या तोंडावर मधोमध, स्क्रूच्या तुकड्यावरून आरपार, अर्धा सूत खोल खाच पाडली. म्हणजे दीड मिलिमीटर. थोडे पितळही कापले जाते, त्याने काही बिघडत नाही, नॉबखाली ते झाकले जाते. ही खाच पोराने पाडली. हात थरथरत होता. वहिनी स्वयंपाकघरातून बघत होत्या आणि बोलत नव्हत्या.

आच अशी. पितळ तापले की लोखंडापेक्षा जास्त फुगते, जवळजवळ दीडपट. म्हणून पितळी दांडीतले भोक मोठे होते आणि आतला लोखंडी तुकडा मागे राहतो. मध्ये केसाएवढी जागा होते, गंजाची पकड तडकते. पकडीत धरून दांडी गॅसच्या बारीक आचेवर दोन-तीन मिनिटे तापवली. लाल करायची नाही. मग तशीच बाजूला ठेवून कोमट होऊ दिली आणि तेलाचे दोन थेंब सोडले. गरम धातूवर तेल टाकू नका, भडका उडतो. पाण्यातही बुडवू नका. मग खाचेत बसेल असा रुंद डिसमिस घेऊन दाबून फिरवले. हलला नाही. पुन्हा तापवले, पुन्हा तेल. नाही. पोरगा म्हणाला, "काका, तुम्ही करा." मी म्हटले, माझ्या हातात आता जोर नाही, तूच कर. ही थाप होती. तिसऱ्या खेपेला कर्रर्र असा बारीक आवाज आला आणि तुकडा पाव आटा फिरला. मी सांगितले, लगेच काढू नकोस, मागे-पुढे, मागे-पुढे कर, तेल आत जाऊ दे. पाच मिनिटांनी तो तुकडा टेबलावर होता.

हे नाही जमले, तर मात्र ड्रिल. तोंड कानशीने सपाट करून सेंटर पंचाने बरोबर मध्यावर खूण करायची, दोन मिलिमीटरपासून सुरुवात करून वाढवत जायचे, डोळ्याला चष्मा लावायचा. जवळच्या लेथवाल्याकडे नेले तर तो दहा मिनिटांत करून देतो. स्पिंडल त्याच्याकडे नेता येतो, भिंत नेता येत नाही.

एक इशारा. तुमचा नळ पाव फेऱ्यातच पूर्ण उघडत असेल, तर त्यात वायसर नसतो, सिरॅमिकच्या चकत्या असतात. त्याला आच दाखवू नका. त्याचा आतला भाग बाहेर काढून सबंध बदलायचा असतो. पण भिंत फोडायची नाही, हे तिथेही तसेच.

पुढचे काम सोपे होते. पोराने तिकोनी बारीक कानशीने चेपलेले दाते सरळ केले. नवा वायसर घातला, दांडीभोवतीच्या जागेत तेल लावलेला सुती दोरा भरून वरचा नट बेताने आवळला, आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार वेढे दिले. नॉब नवा आणला, कारण जुन्याचे आतले दाते गेले होते. तो नेमका बसेपर्यंत चौथे दुकान झाले. स्क्रू पितळी घेतला. पितळी नाही मिळाला तर स्टेनलेस स्टीलचा घ्या, साधा लोखंडी नको. त्याच्या आट्यांना व्हॅसलिनचा हात लावला, म्हणजे पुढच्या वेळी तो निघेल. आणि आवळताना दोन बोटांचा जोर पुरे. गच्चीवरचा व्हॉल्व्ह हळू उघडला, शॉवर सोडला, बंद केला. थेंब नाही. नॉब, वायसर, स्क्रू, टेप सगळे मिळून दोनशे चाळीस रुपये झाले. वहिनींनी भिशीवाल्या बाईंना फोन करून सांगितले की नंबर राहू दे.

संध्याकाळी पोराने स्वयंपाकघरातल्या नळाची टिकली काढून तिथला स्क्रू उलगडून आणला. अर्धा खाल्लेला होता. तो बदलला. मग खालच्या मजल्यावरून दोन घरांनी त्याला बोलावले. किती पैसे सांगू, हे विचारायला तो माझ्याकडे आला. मी म्हटले, सामानाचे वेगळे धर आणि हाताचे शंभर सांग. त्याने पन्नासच घेतले, असे नंतर कळले. वहिनी त्याबद्दलही त्याला बोलल्या.

फ्लशच्या टाकीचे पुढच्या वेळी नक्की. ज्यांनी पत्रे पाठवली आहेत त्यांनी टाकी प्लास्टिकची की चिनीमातीची, आणि दांडी दाबायची की बटण, एवढे कळवावे.